नऊ नंबरची गव्हाण

आमच्या घरात खाण्यावरचं बोलणं फार चालायचं, पण ते माणसांच्या खाण्याचं नसायचं. संध्याकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, दारात चपला काढतानाच सुरू करायचे, "आज चार नंबरनं निम्मं खाली सांडलं," नाहीतर "सात नंबर दुपारपतुर तोंडच लावंना." आई आतून भाकरी थापत "हं" म्हणायची. "बाराव्याचं पोट बिघडलंय वाटतंय." "हं." मग आण्णा तसेच, कशाला हात न लावता, भिंतीला अंग न घासता, सरळ मोरीत. आईचा नियमच होता तो. अंघोळ झाल्याशिवाय पाण्याच्या हंड्याला शिवायचं नाही, आणि त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत. बहरीनमधल्या झिंज भागात आमच्या दोन खोल्या, त्यात मोरी एवढीशी, आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी असं तापून यायचं की अंघोळीनं माणूस आणखीच दमायचा. आण्णा बाहेर यायचे ते अर्धे डोळे मिटूनच. खिडकीतल्या एसीची घरघर, त्याच्याखाली ठेवलेल्या डब्यात पाणी ठिबकतंय, आणि ताटावर बसल्या बसल्या आण्णांची मान खाली गेलेली. आई खांद्याला हलवायची. "आवं, तोंडातला घास तरी गिळा." त्या घराचं नाव काढलं की मला पहिल्यांदा हेच आठवतं, सगळे दमलेले.

आण्णांचं काम काय होतं ते सांगून टाकते, कारण तेव्हा आम्ही ते कुणालाच सांगत नव्हतो. सलमाबादच्या पलीकडे, वर्कशॉपं संपली की उघड्या जागेत एका अरब मालकाचं यार्ड होतं. मालकाला तिकडे अरबाब म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. जहाजातून बैल उतरायचे, समुद्र सोसून बरगड्या वर आलेले. त्यांना तीन-चार महिने खाऊ घालायचं, अंग भरलं की गाडीत चढवून खाटकाकडे. खाऊ घालणारे आमचे आण्णा. माण तालुक्यातला माणूस, बैलांच्या पायात वाढलेला, बहरीनला आला तो पिकअप चालवायला. एकदा यार्डात पेंढ्या पोचवायला गेले, तिथं एक बैल पोट फुगून पडलेला. आण्णांनी त्याच्या तोंडात आडवी काठी धरली, कूस चोळली, तेल पाजलं आणि तासाभरात उठवून उभा केला. अरबाब म्हणाला, हा माणूस गाडीवर नको, इथं पाहिजे. झालं. पगार वाढला, त्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळाला, आई आणि मी आलो. आईनं गावाकडं कळवलं, "डेअरीत आहेत." झिंजमध्ये शेजारणींनाही तेच. दोन वर्षं ती हे सांगत होती. कुणी विचारलं, "दूध घरी आणत नाहीत का हो?" तर म्हणायची, "परवानगी नसती," आणि विषय बदलायची.

मी सोळा वर्षांची. दहावी झाली होती, पुढं काय ते कुणी ठरवलं नव्हतं. दिवसभर घरात बसून भिंतींकडे बघायचे. त्या वर्षी यार्डाचं काही खरं दिसत नव्हतं. जहाजातून गोठवलेलं मांस खोक्यांतून यायला लागलं होतं, स्वस्त. अरबाबचा भाऊ त्याला सारखा म्हणे, जिवंत जनावरांची कटकट खलास कर. तेव्हा यार्डाच्या डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. डॉक्टर इद्रिस सुदानचे, उंच, काठीसारखे, बोलताना आधी एक मोठा श्वास घ्यायचे. ते अरबाबला म्हणाले, सगळीच जनावरं महागात पडत नाहीत. काही भरपूर खातात आणि अंगाला लावत नाहीत, काही थोडक्यात भरतात. एकदा मोजून बघू या. वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडची बारा जनावरं वेगळी बांधू, कोण किती खातो आणि किती भरतो ते लिहू. ज्याचं जनावर कमी खाऊन भरेल त्याच्याकडूनच पुढचं जहाज. उन्हाळा सरेपर्यंतची मुदत अरबाबनं दिली. उत्तर चांगलं निघालं तर यार्ड राहणार, आण्णा मुकादम होणार, आमचा हिवाळ्यात संपणारा व्हिसा वाढणार. नाहीतर आई आणि मी गावाकडं, आणि आण्णा लेबर कॅम्पात, एका खोलीत आठ खाटा असतात तिथं. हे मला कुणी बसवून सांगितलं नाही. दोन खोल्यांच्या घरात सांगावं लागत नाही.

लिहायला माणूस हवा होता. आण्णांना अक्षरं लावून वाचता यायचं, लिहिणं सहीपुरतं. "माझी लेक लिवंल," ते म्हणाले. असं माझं यार्डात जाणं सुरू झालं. पहाटे आण्णांच्या शेजारी पिकअपमध्ये बसायचं, मांडीवर वही. तिथं पोचलं की पहिल्यांदा कालची चघळ काढायची. चघळ म्हणजे जनावरानं खाऊन गव्हाणीत टाकलेलं उरलंसुरलं. पिंप उभं चिरून केलेल्या बारा गव्हाणी, बारा ठिकाणी बारा खुंटे. चघळ तोलायची, लिहायची, मग नवीन खुराक तोलून घालायचा: भरडलेला सातू, गव्हाचा कोंडा, आणि लसूणघास, त्याला तिकडे जत म्हणतात. दिलं त्यातून उरलं वजा केलं की खाल्लं किती ते आलं. पंधरा दिवसांनी जनावर लोखंडी पिंजऱ्यात घालून त्याचं वजन. एवढंच नाही. डॉक्टरांनी मला घड्याळ दिलं होतं. कोण गव्हाणीवर कधी गेला, किती वेळ तोंड घालून होता, रवंथाला कधी बसला, हेही लिहायचं.

खोटं वाटेल, पण जेवणाऱ्या माणसांसारखीच होती ती. दोन नंबर हावरा. खुराक पडायच्या आधी जीभ बाहेर, पंधरा मिनिटांत सगळं आत, मग दुसऱ्याच्या गव्हाणीकडे बघत उभा. पाच नंबर नाकानं कोंडा बाजूला सारायचा आणि सातू तेवढा वेचायचा. चार नंबर तोंड भरून मान वर करायचा, निम्मं जमिनीवर. अकरा नंबर बुजरा, आजूबाजूचे दोघं खाली बसल्याशिवाय खायचाच नाही. आण्णा आणि डॉक्टर यांचं यावरून रोज चालायचं. आण्णा त्यांच्याशी हिंदी बोलायचे, त्यांच्या स्वतःच्या हिंदीत. "डॉक्टर, तुम काटा देखता, मैं कान देखता. कान पड्या, तो अंदर गडबड."

"कानाचं वजन वहीत कसं लिहू, मुहंमद आण्णा?" डॉक्टर इंग्रजीत मला विचारायचे. सगळ्यांच्या नावापुढे ते थट्टेनं मुहंमद लावायचे. "सांग तुझ्या वडिलांना."

मी सांगितलं की आण्णा म्हणायचे, "त्यास्नी म्हणावं, खातोय किती ते सोडा, रवंथ किती करतोय ते मोजा. हावऱ्याच्या अंगाला कधी लागलंय का? आपला बंडू चुलता बघ."

आता परवा माझी सून तिच्या बाळासाठी नाचणीचं पीठ इवल्याशा काट्यावर तोलत होती, आणि बाळ तोंड फिरवत होतं. मी म्हटलं, "तोलू नकोस, त्याच्याकडं बघ." ती हसली. मी कुठून बोलले ते तिला कसं कळणार.

आता गोग्रासाचं. गावाकडं आई रोज पहिली भाकरी गाईला काढायची. बहरीनला आल्यावर ती भाकरी बाजूला काढून ठेवायची आणि संध्याकाळी चिमण्यांना चुरायची, पण तिचं समाधान होत नव्हतं. मी यार्डात जायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं फडक्यात भाकरी आणि वर गुळाचा खडा बांधून दिला. आण्णा म्हणाले, "अगं, गाय कुठाय तिथं? सगळं बैल."

"नंदीच न्हाई का मग तो? महादेवाला चालतो आन् तुम्हास्नी चालंना?"

"मी न्हाई देणार," आण्णा एकदम म्हणाले. "मला गाडीत चढवायचं असतंय त्यास्नी. त्याच हातानं असला घास द्याचा? सुमी दील."

आई भाकरी उलटताना म्हणाली, "जायच्या आधी दोन घास तरी कुणीतरी मायेनं दिल्यालं असावं." तेव्हा मला कळलं की डेअरीची गोष्ट तिची तिला किती जड होती.

बारा जणांत मी घास धरला तर अकरा मागं सरले. माणसाच्या हातातलं त्यांनी कधी खाल्लंच नव्हतं. नऊ नंबरनं घेतला. पांढरा, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, वशिंड एका बाजूला कललेलं. खरखरीत जिभेनं त्यानं भाकरी माझ्या हातातून ओढून घेतली आणि गूळ शोधत तळहात चाटत राहिला. मग रोजचंच झालं. पिकअपचा आवाज आला की तो गव्हाणीकडे पाठ करून फाटकाकडे तोंड.

इथवर ठीक होतं. पण मी 'डेअरीत' घास देते असं आईनं बोलता बोलता लेलेकाकूंना सांगितलं. लेलेकाकू वरच्या मजल्यावर, पुण्याच्या, नवरा इंजिनियर. त्या टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या. "अगोबाई! इथे गोग्रास? मग माझीही पोळी ने की गं, किती वर्षांत दिला नाहीये मी!" लेलेकाकूंनी सांगितलं समोरच्या गुजरातीणबाईंना, त्यांनी त्यांच्या नणंदेला. महिनाभरात आमच्या दाराला सकाळी उठायच्या आधी डबे लटकलेले. पोळ्या, भाकऱ्या, तूप लावलेल्या रोट्या, गूळ, भिजवलेली डाळ. एकादशीला केळी, अमावस्येला आणखी काय काय. पत्र्याचा मोठा डबा भरायचा, तो मी दोन्ही हातांनी उचलून न्यायचे. आणि खाणारा एकच. दुसरे त्याला तोंड लावत नव्हते, आणि देवाच्या नावानं आलेलं फेकायचं कसं?

हे मी वहीत लिहीत नव्हते. लबाडीनं नाही, देवाशपथ. वहीत रकाना होता 'काय दिलं', आणि मला ते सरळ होतं की यार्डानं काय दिलं. सातू, कोंडा, जत. गोग्रास म्हणजे खुराक असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवापुढं ठेवलेली साखर कुणी घरखर्चात धरतं का? तसं.

वजनाचे दिवस येत गेले. पहिल्या दोन वेळी काही कळलं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी नऊ नंबरचा आकडा दोनदा बघितला, पिंजऱ्याचा काटा ठोकून बघितला, आण्णांना पुन्हा तोलायला लावला. चौथ्या वेळी शंका राहिली नाही. नऊ नंबर बाराजणांत सगळ्यात कमी खायचा, गव्हाणीत रोज ढीगभर चघळ ठेवायचा, आणि सगळ्यात जास्त भरत होता. डॉक्टर वही घेऊन खोक्यावर बसले आणि मला म्हणाले, "सुमन, तीस वर्षांत मी असं जनावर बघितलं नाही. हा हवा खाऊन वाढतोय." त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मलाही बरं वाटलं. मला! तुम्हाला वाचताना केव्हाच कळलं असेल, मला कळलं नव्हतं. मी नुसती खूश की माझ्या नऊ नंबरनं नाव काढलं.

अरबाब स्वतः आला. पांढऱ्या झग्याची कड उचलून नऊ नंबरभोवती फिरला, पाठीवर थाप मारली, आण्णांच्या पाठीवरही मारली. नऊ नंबर ज्या व्यापाऱ्याकडचा, त्याच्याकडूनच हिवाळ्यात अख्खं जहाज मागवायचं ठरलं. "मुकादम," तो आण्णांना म्हणाला. "इंशाल्ला, मुकादम. फॅमिली मफी मुश्किल." म्हणजे कुटुंबाची काही अडचण नाही. त्या रात्री आईनं पुरण घातलं. आण्णा दोनच पोळ्या खाऊन उठले. मला वाटलं दमलेत.

मग शाळांना सुट्ट्या लागल्या आणि झिंज रिकामं झालं. लेलेकाकू पुण्याला, गुजरातीणबाई अहमदाबादला, सगळ्या मुलाबाळांना घेऊन विमानानं गेल्या. दाराला डबे यायचे थांबले. पुन्हा फडक्यात आईची एक भाकरी. नऊ नंबर ती खायचा आणि फाटकाकडे तोंड करून उभाच राहायचा. दुपार व्हायची, पाय बदलत उभा, एखादा ट्रक रस्त्यानं गेला की कान तिकडे. दोन दिवस त्यानं खुराकाला तोंड लावलं नाही. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, ताप बघितला, इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी तो गव्हाणीकडे वळला आणि सगळं चाटून पुसून खाल्लं. चौथ्या दिवशीही. चघळ उरलीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी रिकामी गव्हाण तोलायला मी वाकले आणि तशीच वाकलेली राहिले. तो कमी कधीच खात नव्हता. त्याचं बाकीचं जेवण मी डब्यातून आणत होते.

परत येताना पिकअपमध्ये मी आण्णांना सांगितलं. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मला ठावं हाय."

"कधीपासनं?"

"तिसऱ्या वजनापासनं. एवढा डबा रोज, कळायला काय लागतंय?"

"मग बोलला का न्हाई?"

त्यांनी गिअर बदलला. उन्हानं पुढचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. मग म्हणाले, "तू खोटं काय लिवलं न्हाईस, पोरी. कंपनीनं दिलं तेवढं लिवलंयस." आणि थोड्या वेळानं, "कॅम्पातल्या खाटा बघितल्यात मी. एकावर एक असत्यात." त्यांनी मला गप्प राहा म्हटलं नाही, सांग म्हटलं नाही. मला तेव्हा त्याचा राग आला. आता येत नाही. माणूस दमला की निर्णय दुसऱ्याच्या ओंजळीत टाकतो, ती ओंजळ लहान आहे की मोठी हे बघायची ताकद नसते.

मी आईला सांगितलं. ती डाळ निवडत होती. मला वाटलं म्हणेल, गप बस, देवानं दिलंय. व्हिसा, घर, आण्णा डोळ्यांसमोर, हे सगळं तिलाच जास्त हवं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"जहाज भरून तसली जनावरं आली तर काय हुईल?"

"ती अशी भरणार न्हाईत. अरबाब बुडंल. मग डॉक्टरांचं नाव जाईल."

"आन् यांचं?"

"आण्णांचंबी. पण उशिरानं."

ती सुपातले खडे बोटानं एका बाजूला करत राहिली. "दोन वर्षं झाली, सुमे, मी एक खोटं बोलती. डेअरी, डेअरी. एक खोटं सांभाळायला किती राबावं लागतंय ते माझं मला म्हाईत. जिना चढताना कोण भेटलं तर धस्स हुतंय. दुसरं पोसायची ताकद न्हाई माझ्यात. सांगून टाक जा." मग एकदम चिडली. "आन् माझ्याकडं असं बघू नको! मी काय आनंदानं सांगत न्हाई!"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. इंग्रजीत, अडखळत, गोग्रासाला शब्दच सापडेना. देवासाठीची भाकरी, म्हटलं. किती घरांतून, विचारलं त्यांनी. मी बोटांवर मोजलं. त्यांनी मला तसा डबा भरायला सांगितला, जेवढं रोज असायचं तेवढंच. आईनं एकटीनं दोन तास बसून त्या पोळ्या लाटल्या. सकाळी डॉक्टरांनी डबा उघडला, फडकं बाजूला केलं आणि पोळ्या, गूळ, डाळ, सगळं सातूच्या काट्यावर ठेवलं. आईच्या हातच्या पोळ्या त्या लोखंडी तागडीत बघून मला इतकी लाज वाटली की मी पाठ फिरवली. आण्णा मात्र तिथंच उभे राहिले, हात मागं बांधून.

डॉक्टरांनी वहीच्या मागच्या पानावर बेरजा केल्या. "हा सगळ्यात चांगला नाही," ते म्हणाले. "मधलाही नाही. शेवटून तिसरा." आणि हसायला लागले. उंच माणूस, खोक्यावर बसून दुमडून हसत राहिला, डोळ्यांतून पाणी. "देवाची भाकरी! तू आधी का सांगितलं नाहीस मला?"

"मला वाटलं ते खाणं नाही."

हसणं थांबलं. त्यांनी चष्मा पुसला, तो मोठा श्वास घेतला. "माझ्या आईलाही असंच वाटलं असतं," एवढंच बोलले आणि नऊ नंबरच्या सगळ्या पानांवर एकेक आडवी रेघ मारत गेले. उरलेल्या अकरांत नवलाचं कुणी नव्हतं. कुणी थोडं बरं, कुणी थोडं वाईट. खोक्यातल्या मांसाच्या स्वस्त भावाला कुणीच पुरत नव्हतं.

अरबाब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं आण्णा नंतर म्हणाले. त्यानं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं, आण्णांना विचारलं, "हे तुमच्यात सदका असतं का, दान?" आण्णा म्हणाले, हो. त्यानं मान हलवली. दानावर तो रागावू शकत नव्हता, आणि जहाजही मागवू शकत नव्हता. जहाज रद्द झालं. हवा गार व्हायच्या आत यार्डातली जनावरं दोन-दोन चार-चार करून गेली. नऊ नंबर कधी गेला ते मला आण्णांनी कळू दिलं नाही. मीही विचारलं नाही. पासपोर्टवर शिक्के बसले, आण्णांना अरबाबच्या भावाच्या गोदामात काम मिळालं, सलमाबादच्या कॅम्पात खाट मिळाली. वरची.

निघायच्या आदल्या दिवशी आई लेलेकाकूंकडं गेली, मला बरोबर घेऊन. दारातच उभं राहून म्हणाली, "ती डेअरी नव्हती, काकू. तुमच्या पोळ्या मी कुठं पाठवल्या ते ऐका," आणि सांगितलं सगळं. लेलेकाकू सुट्टीहून येऊन चारच दिवस झाले होते. त्यांनी आईला हात धरून आत ओढलं. "अहो, तुमचे हे जिन्यात भेटायचे तेव्हा कळायचं मला. दुधाच्या गोठ्यातला माणूस इतका खाली मान घालून जात नाही." आणि चहा टाकला. आई त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली, दोन वर्षांचं एकदम. लेलेकाकूंच्या धाकट्या मुलानं इंग्रजीत विचारलं काय झालं, त्याला त्या म्हणाल्या, "काही नाही, आंटी दमल्यात."

विमानतळावर आण्णांनी आमची बोचकी ढकलत नेली. आईला सूचना देऊन झाल्या, पत्र्याच्या पेटीची किल्ली कुठं, पंपाची वायर कुठं. मग मला थोडं बाजूला घेतलं. त्यांना असं बाजूला घेऊन बोलायची सवय नव्हती. हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं.

"मी सांगणारच हुतो डॉक्टरला," ते म्हणाले. "तू बोलली नसतीस तरी. जहाज निघायच्या आधी मी सांगणारच हुतो. तुझ्यामुळं काय झालं न्हाई. ध्यानात ठेव."

मी मान हलवली. ते खरं होतं, की माझ्या डोक्यावरचं उतरवून स्वतःच्या डोक्यावर घ्यायला त्यांनी ते विमानतळावर रचलं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पुढं ते नऊ वर्षं त्या कॅम्पात राहिले. दोन वर्षांनी एकदा गावी यायचे. माझं लग्न झालं, मी दोन दिवसांसाठी माहेरी यायचे, ते अंगणात खाटेवर निजलेले असायचे, तोंडावर टॉवेल टाकून. कितीदा शेजारी जाऊन बसले. विचारावं म्हणून बसले. पण रजा एका महिन्याची असायची, आणि झोपलेल्या माणसाला असलं विचारायला उठवत नाहीत.